मध्यम लहरींचे श्रोते मोजायचे कसे?

इंदूरच्या मालवा हाउसमधील आकाशवाणी केंद्र १९५५ पासूनचे. ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ४६३ मीटर लांबीची मध्यम लहर, ही त्याची जुनी ओळख. अशा एएम केंद्राला आज श्रोते किती, असे विचारले की बहुधा प्रक्षेपणाच्या टप्प्यात राहणाऱ्या लोकसंख्येचा आकडा सांगितला जातो. मात्र टप्प्यात राहणारा प्रत्येक जण रेडिओ लावतोच असे नाही, आणि हा टप्पाही स्थिर नसतो.

दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित भागाचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत जाणारी लहर तेवढी उपयोगी पडते. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होतात आणि सुमारे ५०० किलोमीटरवरचे मुंबई केंद्र इंदूरच्या मराठी घरांत लागू शकते. तरीही मुंबईच्या श्रोत्यांमध्ये या घरांची गणना कोण करणार?

शहरात आणखी एक अडचण आहे. एएममध्ये आवाजाची माहिती लहरीच्या उंचीतील चढउतारांत साठवलेली असते, आणि एलईडी दिवे, मोबाइल चार्जर यांच्या विद्युत मंडलांतून निघणारा गोंगाटही नेमका त्याच उंचीत मिसळतो. एफएम संग्राहक उंचीतील फरक छाटून टाकू शकतो. एएमला ती सोय नाही. म्हणून प्रक्षेपकाची शक्ती तेवढीच राहूनही दाट वस्तीत स्पष्ट ऐकू येण्याचे क्षेत्र आक्रसते. श्रोते केवळ आवड बदलल्याने दुरावले, हे निदान त्यामुळे मला अपुरे वाटते.

ट्रान्झिस्टर केंद्राकडे कोणताही संदेश परत पाठवत नाही, म्हणून मोजणी नमुन्यावरच करावी लागते. भारतात २००७ पासून काही महानगरांत श्रोत्यांकडून रोजनिशी भरून घेतली गेली. अमेरिकेत कार्यक्रमाच्या आवाजात दडवलेला, कानाला न जाणवणारा संकेत ओळखणारे छोटे यंत्र निवडक लोक जवळ बाळगतात. रोजनिशी स्मरणावर चालते, त्यामुळे नाव लक्षात राहणाऱ्या केंद्राला झुकते माप मिळते.

लहान केंद्राच्या बाबतीत तर आकडा फारच डळमळीत होतो. समजा, १० लाख प्रौढांतून यदृच्छेने निवडलेल्या १,००० जणांपैकी २० जण एएम ऐकतात. हे प्रमाण २ टक्के झाले, पण ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण साधारण १.१ ते २.९ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे श्रोते ११ हजार किंवा २९ हजारही असू शकतात. शिवाय केवळ महानगरांत घेतलेल्या नमुन्यात माळवा-निमाडचा शेतकरी येतच नाही.

‘श्रोता’ कोणाला म्हणायचे, यावरही आकडा अवलंबून असतो. अमेरिकेत महिन्यातून एकदा तरी एएम ऐकणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये ८ कोटींहून अधिक सांगितली जात होती. रोज ऐकणाऱ्यांचा आकडा अर्थातच त्याहून लहान असणार. आकाशवाणी ॲपवर ऐकणारा कार्यक्रमाचा श्रोता असला, तरी मध्यम लहरीचा नाही. एखादा प्रक्षेपक बंद करण्याचा निर्णय घेताना ही दोन माणसे वेगळी मोजलीच पाहिजेत, कारण प्रक्षेपक थांबल्यावर त्यांपैकी एकाचाच रेडिओ मुका होतो.