तेर (प्राचीन तगर)

तेर हे धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे गाव. सातवाहन काळात ‘तगर’ या नावाने ते दख्खनची मोठी बाजारपेठ होते. मराठवाड्याला समुद्र नाही, तरी तगरचा माल जहाजावर चढत होता, फक्त बंदर दुसऱ्याचे होते. त्यामुळे या गावाचा प्राचीन इतिहास सांगायचा तर गुजरातमधले भडोच आणि कोकणातले कल्याण या बंदरांवर कोणाची सत्ता होती, तिथूनच सुरुवात करावी लागते.

‘पेरिप्लस’ या इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणापथातील दोन पेठा ठळकपणे येतात. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे खडे जात, तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनारी मुलखातून तगरला आलेला इतर माल. हे सगळे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरवले जाई. यातला किनारी मालाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. तो पूर्व किनाऱ्याचा माल मानला जातो, म्हणजे तगर नुसते कापडाचे गाव नव्हते, दूरदूरचा माल इथे गोळा होऊन पुढे जात होता.

आता नकाशा पाहिला तर प्रश्न पडतो: भडोचपेक्षा कल्याण जवळ असताना गाड्या इतक्या लांब का जात? उत्तर त्याच ग्रंथात आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोचवर त्या काळी सातवाहनांचा प्रतिस्पर्धी, क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा अंमल होता. दोन राजवटींचे भांडण बंदरावरून होते आणि त्याचा फेरा तगरच्या गाडीवानाला पडत होता.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले, याचा ढळढळीत पुरावा 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे सापडला. तिथल्या नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी 9,000 वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. चांदी तीच, नाव नवे. पुढे क्षत्रप रुद्रदामनने सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाला दोनदा हरवल्याचे आपल्या जुनागढच्या लेखात (इ.स. 150) नोंदवले आहे.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कोणी देवगिरी म्हटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले आणि ते टिकले. पेरिप्लसमधली दिशा मात्र काटेकोर घेऊ नये, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येते.

खरी खात्री पटवली ती पांढरीने. जुन्या वस्तीच्या टेकाडाला मराठवाड्यात पांढर म्हणतात आणि माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) टाकायला तिथलीच माती नेतात. त्या मातीतून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या वर येत राहिल्या. बा. ना. चापेकरांचे 1958 चे उत्खनन हे इथले महत्त्वाचे काम. दुहेरी साच्यात घडवलेल्या केओलिन या चिकणमातीच्या पांढऱ्या मूर्ती ही तेरची खास ओळख आहे. रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकलाही मिळाल्या. त्यांना ओवायला कडी असते. सोन्याचे नाणे परवडत नसेल तर मातीचे गळ्यात घालायचे, पुतळ्यांच्या माळेची हौस बरीच जुनी दिसते. हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर थेट इटलीशी नाते सांगते. तिच्या जातकुळीची मूर्ती इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत 1938 साली निघाली आणि तशाच घडणीचे काम जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही सापडले आहे.

रोमन व्यापार ओसरल्यावर तगरची पेठ मंदावली, पण नावाची पत उतरली नाही. ठाणे-सोपारा भागावर राज्य करणारे उत्तर कोकणचे शिलाहार आणि कोल्हापूरचे शिलाहार, दोघेही ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी, ही पदवी अभिमानाने लावत. बंदरे हाताशी असलेल्या राजांनी मिरवायला घाटावरचे गाव निवडावे, ही उलटी गंमत आहे.

गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून मागची बाजू चापाकार (अर्धगोल) आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनागृह) असावे असे काही अभ्यासक मानतात. पुढचा मंडप नंतरचा. उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही मंदिरेही विटांचीच. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारशाखा (दाराची चौकट) आता संग्रहालयात आहे.

यादव काळात तेरची ओळख पार बदलली. संत गोरा कुंभार इथले. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून त्यांनी नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवल्याची कथा सर्वश्रुत आहे.

यादवांनंतर दिल्लीची सुलतानशाही, बहमनी, दख्खनच्या शाह्या, मोगल आणि निजाम असा अंमल बदलत गेला. तोवर मोठ्या व्यापारी वाटा तेरला टाळूनच जात होत्या. 1853 मध्ये निजामाने धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे दिला आणि 1860 मध्ये तो परत मिळाला. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान संपले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात.

येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर गावातले शासकीय संग्रहालय उभे आहे. गोरोबाकाकांच्या समाधीजवळ चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते.