चाकं टाकून दिलेलं विमान

1931 साली एका विमानाने जपानहून उडाल्यावर आपली चाकंच समुद्रात टाकून दिली. ही गोष्ट सांगितली की समोरचा लगेच म्हणतो, "वजन कमी करायला!" हे उत्तर मला दरवेळी खटकतं. इंधनाने गच्च भरलेल्या त्या विमानात चाकांचं वजन ते केवढं? भांडण होतं हवेशी.

विमान होतं बेलांका स्कायरॉकेट, नाव 'मिस वीडॉल'. याच घराण्यातली विमानं कॅनडा-अलास्कात, जिथे रस्ताच नाही अशा रानात माणसं आणि सामान पोचवायची. पंखांखालचे रुंद टेकू ही त्यांची खूण. टेकूंनाही पंखासारखा आकार, म्हणून तेही थोडी उचल देतात.

4 ऑक्टोबरला क्लाइड पँगबॉर्न आणि ह्यू हर्नडन हे अमेरिकन वैमानिक जपानमधल्या मिसावाजवळच्या साबिशिरो किनाऱ्यावरून, फळ्या टाकून केलेल्या धावपट्टीवरून, न थांबता अमेरिका गाठायला निघाले. गावकऱ्यांनी खूप मदत केली. एका लहान मुलाने त्यांना पाच सफरचंदं दिली, असं सांगतात.

आता हवेकडे वळू. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणजे वेग नुसता 10 टक्के वाढवायचा तर शक्ती 33 टक्के जास्त हवी. ती आणायची कुठून? त्यापेक्षा रोधच कमी करा. गोल दांडीमागे हवा फाटते, भोवरे उठतात. तेवढ्याच जाडीच्या, माशासारख्या निमुळत्या आकाराला रोध सुमारे दहापट कमी. चाकांच्या सांगाड्यात तर दांड्याच दांड्या! तो गेला की ताशी सुमारे 24 किलोमीटर वेग वाढेल, असा पँगबॉर्नचा अंदाज होता. (पंखांच्या टोकांशी उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे होणारा रोध मात्र वेग वाढला की घटतो, त्यामुळे जड विमानात हा आठपटीचा हिशेब थोडा सैल पडतो.)

सांगाडा सुटला, पण दोन दांड्या अडकून राहिल्या. पँगबॉर्न सुमारे 4,200 मीटर उंचीवर अनवाणी बाहेर पडला, त्याच टेकूंवर पाय रोवून उभा राहिला आणि त्याने त्या सोडवल्या. ताशी 160 किलोमीटरचा वारा धरला, तर तिथल्या विरळ हवेतही अंगावर 40 किलो वजनाएवढा रेटा येतो. करून बघा गणित.

आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. या दोघांना तारलं ते आकडेमोडीने आणि हिमतीने.

सुमारे 41 तासांनी, 5 ऑक्टोबरला, विमान अमेरिकेत वेनाचीजवळ पोटावर घसरत उतरलं. प्रशांत महासागर न थांबता ओलांडणारं हे पहिलं विमान. वेनाचीही सफरचंदांचाच मुलूख. तिथून मिसावाला रिचर्ड डेलिशस जातीच्या काड्या गेल्या, कलमं बांधायला.