पॉलिशिंग मशीनची गोफण

दिवाळीआधी शेजारच्या काकांनी गाडीच्या रबिंग-पॉलिशसाठी रोटरी मशीन आणलं. दहा मिनिटांत पार्किंगची भिंत, काच, बाजूची स्कूटर, सगळीकडे कंपाऊंडचे, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टचे, पांढरे शिंतोडे. "केंद्रापसारी बल, दुसरं काय!" काका म्हणाले. आपण सगळेच असं म्हणतो. पण भिंतीपाशी उभं राहून पाहिलं, तर थेंबाला बाहेर ढकलणारं कुणीच नसतं.

ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणारी गोफण आठवा. दोरी दगडाला सतत आत ओढत असते, म्हणून तो गोल फिरतो. दोरी सुटली की दगड त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच, स्पर्शिकेच्या दिशेनं, सरळ जातो. मशीनच्या फिरत्या फोमच्या पॅडवर दोरीचं काम करते फोमला धरून ठेवणारी कंपाऊंडची चिकटण.

तिच्यावर ताण किती येतो? पॅडचा व्यास १५० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे धरू. मध्यबिंदू जागचा हलत नाही, पण कडा सेकंदाला जवळपास १२ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर वेगानं पळते. या वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं भागलं की कडेवरच्या थेंबाला आत खेचायला लागणारं त्वरण मिळतं: गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १९० पट! आता थेंबाचा व्यास दुप्पट करा. वजन आठपट होतं, पण धरून ठेवणारं पृष्ठताणाचं बल साधारण दुप्पटच. म्हणून मोठा थेंब उडतो, पातळ थर टिकतो. मला या हिशेबाचं फार अप्रूप वाटतं, कारण काम कसं करायचं ते सगळं त्यातूनच निघतं.

वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरेत. मशीन बंद असतानाच पॅडनं ते पत्र्यावर पसरा. पॅड टेकवूनच बटण दाबा, आधी ६०० फेऱ्यांवर थर एकसारखा करा, मग १२०० ते १५०० वर न्या. पॅड पूर्ण थांबल्याशिवाय उचलू नका.

घासण्यातून होणाऱ्या उष्णतेचं गणितही कडेचंच, फक्त आता गाडीच्या पत्र्याच्या कडेचं. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेपासून मागे सरकतो, त्यामुळे बॉनेटच्या कडेवर तो आणखी पातळ असतो, आणि पॅडचा दाबही नेमका तिथेच एकवटतो. तिथे मास्किंग टेप लावाच. रंगावर चढवायचं '९ एच' कोटिंग हिऱ्यासारखं कठीण असल्याची जाहिरात ऐकून निर्धास्त होऊ नका. तो आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, खनिजांच्या नव्हे.

बंपरवर जास्त जपा. पोलादी पत्रा उष्णता झटकन पसरवतो. प्लॅस्टिकची उष्णतावाहकता त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे सगळी उष्णता रंगातच साठते. दर दोन-तीन हातांनंतर मशीन थांबवून बंपरला तळहाताची मागची बाजू लावून बघा. चटका जाणवला, तर तो भाग निवू द्या आणि तोवर दाराकडे वळा.