अवैध तारीख व वेळ (प्रोग्रामिंग)

दिनदर्शिकेत किंवा घड्याळात जागाच नसलेली नोंद, उदा. ३१ जून, २९ फेब्रुवारी २०२३, २५:१०. अशी नोंद समोर आली की प्रोग्रामिंग लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) एक तर एरर देऊन थांबते, किंवा ‘अवैध’ असा शिक्का असलेले मूल्य परत देते, किंवा जवळची खरी तारीख परस्पर धरून पुढे जाते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तारखा हाताळणारी डेटटाइम लायब्ररी ३१ जून नाकारते. जावास्क्रिप्ट या भाषेला वाचता न येणारा मजकूर दिला तर डेट ऑब्जेक्ट (तारीख साठवणारा घटक) तयार होतो, पण त्याच्या पोटात ‘एनएएन’, म्हणजे ‘आकडा नाही’ असे मूल्य असते. हे मूल्य स्वतःशीसुद्धा समान ठरत नाही, म्हणून साध्या तुलनेत ते सापडत नाही. जावास्क्रिप्टलाच वर्ष, महिना, दिवस सुटे आकडे म्हणून दिले, तर ३१ जूनचा निमूट १ जुलै होतो. जावा या भाषेतला जुना कॅलेंडर वर्गही (तारखा बनवण्याचा साचा) मुळात असाच सैल. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या नव्या वर्गांत मात्र अशी तारीख बनवू गेल्यास एरर येते.

परस्पर दुरुस्ती सर्वांत घातक. समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीच्या सौद्याची वही संगणकावर चढवताना कुणी ३१/०६ टाकले. मूळ नोंद ३० जूनची असेल, २१ जूनची असेल किंवा ३१ जुलैचीही. लायब्ररीने १ जुलै केला की शेतकऱ्याच्या पट्टीवर चौथीच तारीख येते आणि चूक झाल्याची खूणही उरत नाही. म्हणून टाइप केलेला मूळ मजकूर वेगळा जपावा आणि तारीख माणसाकडून तपासून घ्यावी.

मराठीत आणखी एक अडचण येते. जावास्क्रिप्ट मराठीसाठी तारीख देवनागरी अंकांत छापते, पण तीच छापलेली तारीख परत वाचायला दिली की तिला अवैध ठरवते.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुसऱ्या महायुद्धकाळात भारतातली घड्याळे तासभर पुढे केली होती. संगणकांच्या वेळक्षेत्र-सारणीनुसार (कुठल्या प्रदेशात घड्याळ कधी किती पुढे-मागे होते, याची यादी) १ सप्टेंबर १९४२ रोजी मध्यरात्री १२ नंतर थेट १ वाजला. त्या रात्रीची साडेबाराची वेळ भारतात अस्तित्वातच नाही. जावा ती दीड वाजता धरते, पायथन तक्रार न करता स्वीकारते. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबरला ‘चले जाव’ चळवळीतला मोर्चा गेला, तो याच पुढे सरकलेल्या घड्याळावर. त्या दिवसाच्या नोंदी जागतिक वेळेत (यूटीसी) बदलताना साडेपाच नव्हे, साडेसहा तास वजा करावे लागतात.