मॉड्युलर घरे : कर्ज आणि पुनर्विक्री मूल्य

खोलीच्या आकाराचे पूर्ण भाग (मॉड्यूल) कारखान्यात तयार करून, ट्रेलरवरून जागेवर आणून क्रेनने कायमच्या पायावर बसवलेले घर म्हणजे मॉड्युलर घर. ही नोंद मुख्यतः अमेरिकेतील व्यवहाराविषयी आहे. कारखान्यात बांधलेल्या घराला बँक कर्ज देत नाही आणि विकताना भावही येत नाही, असा समज तिथे जुना आहे. तो बराचसा वेगळ्याच प्रकारच्या घरांवरून पडलेला आहे.

ती घरे म्हणजे ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’, पूर्वीची ‘मोबाइल होम’. १५ जून १९७६ पासून ती केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या संहितेनुसार बांधली जातात आणि त्यांच्या तळाची पोलादी चौकट कायम राहते. बहुतेक राज्यांत त्यांची मालकी आधी गाडीच्या आरसी बुकासारख्या कागदावर नोंदली जाते. अशी मालमत्ता जंगम ठरते, म्हणून कर्जाची मुदत कमी आणि व्याज चढे. मॉड्युलर घर राज्याच्या किंवा स्थानिक बांधकाम संहितेनुसार बांधले जाते आणि जमिनीसह स्थावर मालमत्ता म्हणून नोंदले जाते. त्यामुळे त्यावर ३० वर्षांचे नेहमीचे गृहकर्ज मिळू शकते. फरक ओळखायचा तर बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी शोधावी. ती मॅन्युफॅक्चर्ड घराची खूण. मॉड्युलर घरावर राज्याचा शिक्का असतो, तोही अनेकदा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत किंवा सिंकखाली, म्हणजे विकणाऱ्यालाच सापडत नाही अशा ठिकाणी.

कर्जातली खरी अडचण पैसे सुटण्याच्या क्रमाची आहे. बांधकाम कर्जाचे हप्ते बँक जागेवर झालेले काम पाहून सोडते : पाया झाला, भिंती उभ्या राहिल्या, छत घातले. मॉड्युलर घराचे बहुतांश काम मात्र दूरच्या कारखान्यात होते आणि कारखान्याला अनामत रक्कम आधी, तर उरलेली मोठी रक्कम माल निघण्यापूर्वी किंवा पोचताच हवी असते. तोवर बँकेच्या तारणात मोकळी जमीन आणि फार तर पाया एवढेच असते. म्हणून काही बँका कारखान्याला थेट पैसे देण्याची हमी लिहून देतात, तर काही ठिकाणी अनामत रक्कम ग्राहकालाच पदरची भरावी लागते. काम संपल्यावर तेच बांधकाम कर्ज दीर्घ मुदतीच्या गृहकर्जात बदलते. कारखाना मध्येच बंद पडण्याची भीतीही पोकळ नाही. मोठ्या गुंतवणुकीवर उभी राहिलेली कॅटेरा ही कारखान्यात घरांचे भाग बनवणारी अमेरिकी कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. काम वेळेत झाले तर मात्र बांधकामकाळातले व्याज कमी भरावे लागते.

पुनर्विक्रीचे गणित साधे आहे. भाव वाढतो तो प्रामुख्याने जमिनीचा. घराला, ते कुठेही बांधलेले असो, घसारा लागतोच. मूल्यांकन करणारा आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करतो आणि मॉड्युलर घरासाठी त्यात जागेवर बांधलेली घरेही धरता येतात. घोटाळा होतो तो चुकून मॅन्युफॅक्चर्ड घरांशी तुलना झाली तर. अशा वेळी राज्याच्या शिक्क्याचा कागद जपून ठेवलेला विक्रेता बराच त्रास वाचवतो.

सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचा इतिहास इथे बोलका आहे. तिने १९०८ ते १९४० या काळात टपालाने मागवायच्या घरांचे सुटे भाग विकले (ही मॉड्युलर घरे नव्हेत, पण त्यांचे पूर्वज म्हणायला हरकत नाही) आणि त्यासाठी कर्जेही दिली. महामंदीत ही कर्जे अंगाशी आली. आज मात्र त्या घरांचे मालक, घर सिअर्सचेच असल्याची खूण म्हणून, तळघरातल्या तुळयांवर छापलेले आकडे हौसेने शोधतात.

जपानमध्ये चित्र उलटे आहे. सेकिसुई हाइमसारख्या ब्रँडची मॉड्युलर घरे तिथे प्रतिष्ठित मानली जातात, तरी जुन्या घराला भाव जेमतेमच. करआकारणीत लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षे धरतात आणि बाजारही साधारण त्याच हिशेबाने चालतो, मग घर कारखान्यातले असो वा सुताराने जागेवर बांधलेले.