घावनाची जाळी

"आजी, पूर्ण नाव सांगा." आईने सिस्टरकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. सकाळपासूनची ही चौथी वेळ. दादरच्या त्या रुग्णालयात प्रत्येक गोळीआधी, प्रत्येक सलाइनआधी हेच. नाव, जन्मतारीख, मग मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघणं. शेजारच्या खाटेवरच्या बाईही सुमनच आहेत, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

हा प्रश्न असाच विचारायचा असतो. 'तुम्हीच सुमन ना?' म्हटलं तर गुंगीतला माणूस कुणाच्याही नावाला मान डोलावतो. खाटेचा नंबर ओळख म्हणून धरायचाच नाही, कारण पेशंट इकडचे तिकडे हलतात.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने अपघात कसे घडतात हे सांगायला भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचा दाखला दिला. आपण घावन घेऊ. जाळी प्रत्येक घावनाला असते, पण चळत रचली की एकाचं भोक दुसऱ्याने झाकतं. कधीतरी सगळी भोकं एका रेषेत येतात आणि चूक थेट पेशंटपर्यंत पोचते.

मुंबईने हे 1986 साली भोगलंय. जे. जे. रुग्णालयात मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरॉल पाजलं गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन 14 जण दगावले. डॉक्टरांनी औषध बरोबरच लिहिलं होतं. बाटलीत मात्र कारखान्यात वापरायचं, डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरॉल होतं. दोन्ही द्रव बिनरंगी, दाटसर, गोड. खाटेपाशी उभ्या नर्सला फरक कळणार कसा? न्या. लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून मंत्र्यांपर्यंत साऱ्यांवर ठपका ठेवला. भोकं वॉर्डाच्या कितीतरी आधीच पडली होती.

शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायच्या 19 मुद्द्यांच्या यादीची कथाही ऐकण्यासारखी आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 वर आलं; हे निष्कर्ष 2009 साली छापून आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत 101 रुग्णालयांनी यादी लागू केली, तर 2014 च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. माझा अंदाज, तिथे बऱ्याच ठिकाणी नुसत्या टिका मारल्या गेल्या असाव्यात.

चौथ्या रात्री नवी सिस्टर आली, गोळी पुढे केली. आईने हात मागे घेतला.

"नाव नाही विचारलंत?"