वर्गात गटाने ॲनिमेशन करताना : संचासोबतचं माहितीपत्रक

एका पेटीत एका गटाचं, म्हणजे चार मुलांचं साहित्य आहे. ते वापरून तीस सेकंदांची चित्रफीत साधारण पाच तासिकांत पुरी होते. त्यातल्या दोन तासिका कॅमेऱ्याला हात न लावता जायला हव्यात. पत्रक शिक्षकांसाठी आहे. मुलांसाठीचं छोटं कार्ड पेटीच्या झाकणाला आतून लावलं आहे.

पेटीत काय आहे : मोबाईल आडवा धरणारा घडीचा स्टँड, दोन एलईडी टेबल दिवे, ए३ आकाराचे सहा रंगीत जाड कागद, सहा रंगांचं प्रत्येकी १०० ग्रॅम तेलकट क्ले, कागदी आकृत्यांचे सांधे जोडायला दोन पायांच्या पितळी पिना (२५), पोस्टर चिकटवायची पुटी, कागदी चिकटपट्टी, ३० सेंमी पट्टी आणि आराखड्याचे व नोंदीचे छापील कागद. मोबाईल शाळेचा किंवा शिक्षकांचा.

सेकंदाला १० चित्रं

वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, एवढंच तंत्र. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. वर्गात त्याची गरज नाही. १२ चित्रांनी हालचाल थोडी मऊ दिसते, तरी आम्ही १० च सुचवतो, कारण हिशेब पाचवीतल्या मुलालाही तोंडी जमतो : ३ सेकंद म्हणजे ३० चित्रं, अर्धा मिनिट म्हणजे ३००. सरावलेला गट एका चित्राला १५ ते २० सेकंद घेतो. दिवे लावणं, आवराआवर धरून ४० मिनिटांच्या तासिकेत ८० ते १०० चित्रं होतात. दोन मिनिटांची फिल्म करायचं ठरवलेले गट निम्म्यावर अडकतात ते इथेच. १,२०० चित्रं हे एका इयत्तेच्या सहामाहीचं काम आहे.

विषय निवडताना

ज्यात काही घडतं, बदलतं, सरकतं असा विषय घ्या. नद्यांची यादी, थोरामोठ्यांची माहिती, व्याख्या यांना पोस्टर बरं. ॲनिमेशनचा खरा फायदा असा की पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या मध्ये काय होतं, हे मुलांना स्वतः ठरवावं लागतं. पुस्तकात बहुधा तेवढंच दिलेलं नसतं. समज कुठे कच्ची आहे ते मग लगेच कळतं.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होणं हा विषय घ्या. पांढऱ्या गोळ्या हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. मुलं सहसा हायड्रोजनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू, म्हणजे दोन पांढऱ्या आणि दोन लाल गोळ्या मांडून सुरुवात करतात. पाण्याचा रेणू जोडला की एक लाल गोळी हातात उरते. ती गुपचूप चौकटीबाहेर सरकवायचा मोह होतो. तेवढं करू देऊ नका. ‘फोटोत आलेली गोळी नाहीशी होणार नाही’ हा एकच नियम ठेवा. मग गट आपण होऊन हायड्रोजनचा आणखी एक रेणू मागतो, आणि चार पांढऱ्या, दोन लाल गोळ्यांतून पाण्याचे दोन रेणू बनतात. समीकरण संतुलित का करायचं, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा या उरलेल्या गोळीने लवकर पटतं.

पडणारा चेंडूही असाच. सांगितलं नाही तर मुलं तो दर चित्राला सारखाच खाली सरकवतात, आणि पडद्यावर तो दोरीला बांधून सोडल्यासारखा उतरतो. सोडून दिलेली वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. म्हणून कडेला हलक्या पेन्सिलीने सुरुवातीपासून १, ४, ९ आणि १६ सेंमीवर खुणा करा आणि दर चित्राला चेंडू पुढच्या खुणेवर ठेवा. सेकंदाला १० चित्रं धरली तर कागदावरचा १ सेंमी म्हणजे खरे ४.९ सेंमी होतात. म्हणजे कागदावर १६ सेंमी पडलेला चेंडू प्रत्यक्षात सुमारे ७८ सेंमी पडला. नववीच्या मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या.

चंद्राच्या कला करताना काळा गोल कागद चंद्रावर सरकवण्याची युक्ती हमखास सुचते. ती करू नये. तशाने पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात, हा गैरसमज पक्का होतो, आणि आकारही चुकतात : अष्टमीच्या आसपास चंद्र बरोबर अर्धा असतो तेव्हा उजेड-अंधाराची सीमा सरळ रेघ हवी, गोलावर गोल सरकवून ती कधीच येत नाही. अर्धा पांढरा, अर्धा काळा रंगवलेला चेंडू जागेवर थोडा थोडा फिरवा आणि समोरून फोटो घ्या. अमावास्या ते अमावास्या सुमारे साडेएकोणतीस दिवस. दिवसाला एक चित्र घेतलं की महिना तीन सेकंदांत बसतो.

हाताने काही हलवायचंच नसेल तर मूग रुजू घाला. दर १५ मिनिटांनी एक फोटो घेतला तर तीन दिवसांत २८८ चित्रं होतात, म्हणजे जवळजवळ २९ सेकंद. दिवा रात्रंदिवस चालू आणि पडदे बंद हवेत, मोबाईल चार्जिंगला लावलेला हवा आणि फोटो आपोआप घेणारी सोय ॲपमध्ये हवी. (दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप असंच टप्प्याटप्प्याने चित्रित करून दाखवलं होतं, तेही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर.)

कागदावरचं काम : पहिल्या दोन तासिका

आधी निवेदन लिहा. सावकाश, स्पष्ट वाचलं तर तीस सेकंदांत ५० ते ६० शब्द बसतात, त्याहून जास्त नाही. मुलं पहिल्या खर्ड्यात दीडशे शब्द लिहितात. त्यातलं काय चित्रातच दिसणार आहे ते खोडायला लावा. खोडाखोडीत वेळ जातो, पण विषय याच वेळी पक्का होतो.

निवेदन लगेच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. पंखे बंद, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना वाऱ्याचा फटका बसत नाही. मग प्रत्येक वाक्याला किती सेकंद लागले ते मोजून आराखड्याच्या चौकटीत लिहा आणि दहाने गुणा. वाक्य ४ सेकंदांचं असेल तर त्या प्रसंगाला ४० चित्रं. आवाज शेवटी घेणाऱ्या गटांची चित्रं कुठे कमी पडतात, कुठे उरतात, आणि मग निवेदक धावत सुटतो.

आराखड्याच्या कागदावर सहा चौकटी आहेत. पाच प्रसंग आणि एक शीर्षक, एवढ्यात विषय मावायला हवा. शीर्षक वाचायला ३ सेकंद पुरतात. त्यासाठी तीस फोटो काढू नका, एक काढून ॲपमध्ये त्याची लांबी वाढवा.

मांडणी

पहिल्या खेपेला सपाट मांडणीच करा : कागद टेबलावर, मोबाईल वरून खाली पाहणारा. आकृत्या पडत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही. उभ्या क्लेच्या बाहुल्या दुसऱ्या प्रकल्पाला ठेवा. घोटे बारीक केले की त्या वाकतातच आणि दर चार चित्रांना कोणीतरी आडवं होतं.

मोबाईल आडवा, कागदापासून सुमारे ३५ ते ४० सेंमी उंच. एवढ्या उंचीवर बहुतेक मोबाईलमध्ये ए३ कागदाची ४२ सेंमी रुंदी बसते. चित्रफितीची चौकट मात्र १६:९ असते, त्यामुळे कागदाच्या वर आणि खाली सुमारे तीन-तीन सेंमी पट्टी कापली जाते. ती पेन्सिलीने आखून घ्या. नाहीतर सगळ्यात सुंदर ढग नेमका तिथेच चिकटवलेला असतो.

कागदाचे चारही कोपरे टेबलाला आणि स्टँडचे पाय टेबलाला चिकटपट्टीने लावा. टेबलाच्या पायांभोवतीही जमिनीवर खूण करा. मोबाईल ‘फ्लाइट मोड’वर, स्क्रीन आपोआप बंद होणं रद्द, लेन्स मऊ कापडाने पुसलेली. चार्जिंगची वायर लावली तर ती स्टँडच्या पायाला बांधा; लोंबती वायर ओढली गेली की चौकट सरकते.

उजेड

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या येतात : ‘चित्र लुकलुकतं.’ कारणं तीन.

पहिलं, खिडकी. ढग आला-गेला की उजेड बदलतो. डोळ्याला कळत नाही, सलग चित्रांत लगेच कळतं. पडदे ओढा आणि दोन दिवे दोन बाजूंनी, कागदाशी साधारण ४५ अंशांत ठेवा. वरची ट्यूब बंद करता आली तर उत्तम, कारण मोबाईलची सावली तिनेच पडते.

दुसरं, मोबाईलची हुशारी. गडद रंगाची आकृती चौकटीत आली की तो आपण होऊन चित्र उजळ करतो, आणि रंगांची छटाही बदलतो. बहुतेक मोबाईलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड त्या पातळीवर कुलूपबंद होतात. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला हे करा. कमीजास्त उजेड हाताने ठरवता येत असेल आणि वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (एका फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा (६० हर्ट्झ असेल तिथे १/६०). साधे दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. शटर याहून जलद असलं की कुठल्या चित्रात उजळ क्षण सापडतो, कुठल्यात मंद.

तिसरं, पांढरा शर्ट. टेबलाजवळ वाकलेल्या मुलाच्या शर्टावरून उजेड कागदावर परततो. म्हणून फोटोच्या वेळी सगळ्यांनी ठरलेल्या जागी, टेबलापासून एक पाऊल मागे.

कामाची वाटणी

चौघांत एक हलवणारा, एक कॅमेऱ्यावर, एक नोंद ठेवणारा, एक आराखडा बघून पुढचं सांगणारा. पाचवं मूल जास्तीचं होऊन कंटाळतं, तिघांत नोंद सुटते. कामं आळीपाळीने बदला, पण प्रसंग संपल्यावरच. प्रत्येकाच्या हाताचं ‘जरासं’ वेगळं असतं. मध्येच हात बदलला की चित्रातली बस अचानक वेग घेते.

नोंदीच्या कागदावर चित्राचा क्रमांक, काय हलवलं आणि किती सेंमी. कंटाळवाणं काम आहे, तरी सोडू नका. घंटा वाजून प्रसंग अर्धा राहिला तर दुसऱ्या दिवशी हाच कागद उपयोगी पडतो.

कॅमेऱ्यावरच्या मुलाने ‘हात बाहेर’ म्हणायचं, सगळ्यांचे हात मागे गेलेले बघायचे, मग बटण. शक्यतो स्क्रीनला हात न लावता वायरच्या इअरफोनवरचं आवाज वाढवायचं बटण किंवा (फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ पुन्हा चालू करून) ब्लूटूथ रिमोट वापरा. प्रत्येक टिचकीने मोबाईल केसभर हलतो आणि तीनशे टिचक्यांनी चौकट कुठल्या कुठे जाते.

किती हलवायचं

सेकंदाला १० चित्रांच्या हिशेबाने दर वेळी १ सेंमी हलवलेली वस्तू ४० सेंमीची चौकट चार सेकंदांत पार करते. हा चालण्याचा वेग. अर्धा सेंमी म्हणजे सावकाश. ३ सेंमीच्या वर गेलात की वस्तू सरकत नाही, उड्या मारते. स्थिर वस्तू निघताना पहिली तीन पावलं पाव, अर्धा, पाऊण सेंमी अशी वाढवत न्या आणि थांबताना तशीच उतरवा. एवढ्यानेच वस्तूला वजन आल्यासारखं वाटतं. प्रसंग संपल्यावर शेवटचं चित्र पाच-सहा चित्रांइतकं लांबवा, नाहीतर डोळा पोचायच्या आत पुढचा प्रसंग येतो.

ॲप

तीन सोयी असतील ते कुठलंही ॲप चालेल : आधीचं चित्र पुसट सावलीसारखं वर दिसणं, उजेड आणि फोकस कुलूपबंद होणं, एका चित्राची लांबी वाढवता येणं. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ पुष्कळ ठिकाणी वापरतात. पुसट सावलीची सोय सर्वांत मोलाची. कोणाचं कोपर लागून सगळं विस्कटलं तरी सावलीवर आकृत्या पुन्हा जुळवता येतात. मात्र कागदच सरकला असेल तर आधी कागदाचे कोपरे टेबलावरच्या चिकटपट्टीशी जुळवा, मग आकृत्या.

चित्रं ॲपमधूनच घ्या. मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने पूर्ण आकाराचे ३०० फोटो काढले तर एक जीबीहून जास्त जागा जाऊ शकते, आणि क्रम लावण्यात एक तासिका वाया जाते.

शेवटची तासिका

आवाज जोडा, सेकंदाला १० चित्रं हा वेग पुन्हा तपासा (काही ॲप नव्या फाइलला आपला ठरलेला वेग लावतात), १०८० (फुल एचडी) आकारात बाहेर काढा. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीत नको. टेबलावर बोटं वाजवून, कागद चुरगाळून मुलं लागतील ते आवाज तयार करतात. मुलांचे चेहरे किंवा नावं दिसत असतील तर शाळेबाहेर पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

पाहताना इतर गटांना एकच काम द्या : विषयाच्या दृष्टीने चुकीचं एक चित्र शोधा आणि थांबवा. हालचाल खडबडीत असण्याला गुण कापू नयेत. नीटनेटकी पण चुकीची फिल्म आणि धक्के खाणारी पण बरोबर फिल्म यांत आम्ही दुसरीला वरचा नंबर देऊ.

साहित्याची निगा

क्ले तेलकट असल्याने वाळत नाही, पण रंग एकमेकांत मिसळले की परत सुटत नाहीत. पांढरा आणि पिवळा आधी मळायचा, मग हात ओल्या कापडाने पुसून गडद रंग. उन्हात किंवा दिव्याखाली क्ले मऊ पडतो. दहा मिनिटं सावलीत ठेवला की पुन्हा आकार धरतो. कागदावर तो रात्रभर राहिला तर तेलाचा डाग उमटतो, म्हणून अर्धवट प्रसंग ठेवून जायचं असेल तर आकृतीखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सुरुवातीपासूनच घाला. पिना आणि पुटी लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत इतकं लक्ष ठेवा. स्टँडचे स्क्रू हातानेच आवळा. पक्कडीने आवळले की प्लॅस्टिकचे आटे जातात, आणि मग स्टँड हळूहळू खाली कलत राहतो.